शुक्रवारच्या सभेआधी

प्रिय आत्या,

फोनवर सल्ल्याचा वास आला की तुला लगेच आवाज तुटक यायला लागतो, म्हणून हे पत्र. कागदाची रेंज जात नाही.

मी मजेत आहे. नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि प्रयोगशाळेत त्यातलं नायट्रेट, म्हणजे खतातून पाण्यात उतरणारा क्षार, मोजायचं, हे माझं काम. झाकण नीट लागलंय ना, हे मी इतक्यांदा बघते की ड्रायव्हरकाका मला ‘झाकणबाई’ म्हणतात. परवा तर मी गाडी निम्म्या वाटेतून मागे फिरवायला लावली. झाकण लागलेलंच होतं. काकांनी फक्त रेडिओ मोठा केला. तू घरी गणित शिकवताना बेरीज बरोबर आली तरी खालून वर पुन्हा करायला लावायचीस, त्याचीच ही फळं.

यंदाच्या पावसाचं तुला मी काय सांगणार! महिनाभर दडी मारली, पिकं खुरटली, त्यांना दिलेलं खत मातीतच पडून राहिलं. मग एका दुपारी असा कोसळला की ते सगळं धुऊन ओढ्यांत आणि ओढ्यांतून नदीत. खालच्या गावाला पिण्याचं पाणी त्याच नदीचं. नायट्रेट तान्ह्या बाळांना बाधतं, म्हणून तिथे त्यांच्यासाठी सध्या टँकर येतो.

एका ओढ्याचा आकडा इतका वर होता की आमच्या मॅडम म्हणाल्या, बाटलीच खराब असेल, वगळून टाक. वगळता आलं असतं, आत्या. पण मी पुन्हा जाऊन नमुना घेतला. आकडा जवळपास तोच आला.

तो ओढा आपल्या शेताखालचा आहे. शुक्रवारी गावच्या सभागृहात मला सगळे आकडे वाचून दाखवायचेत, कुठल्या ओढ्याचे तेही सांगून. चारचौघांत कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. तू काही वावगं केलं नाहीस; नेहमीच्या वेळी नेहमीएवढंच खत दिलंस, पाऊसच वेळेवर आला नाही. पण उरलेली पोती एकदम टाकू नकोस. पावसाचा अंदाज बघून थोडं थोडं देऊ, आणि ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखू. रागावलीस तर सभेला येऊन रागव, हवं तर सगळ्यांदेखत भांड. पण ये. वाचताना माझा आवाज कापणार आहे, आणि मान वर केली की मला तू दिसायला हवीस.

तुझीच,
शंकेखोर भाची