मार्चच्या पानावरची सतरा तारीख

मी, हेरब्रँड ओस्टिंग, वय बहात्तर, राहणार डेव्हेंटर, ओस्टिंग छापखान्याचा तिसऱ्या पिढीचा मालक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे सोडले तर सगळे जागेवर आहे.

१. छापखाना व वरचे घर मुलगी आल्त्ये हिला. कागद कापायचे यंत्र डावीकडे ओढते. तिला ठाऊक आहे, तरी लिहिले.

२. माझ्या निधनाची काळ्या चौकटीची कार्डे मीच छापून ठेवली आहेत. तारीख तेवढी भरावी. कोणीही स्वस्तातला कागद आणू नये.

३. धाकटा भाऊ वेसेल याच्याविषयी. १९३२ साली वडिलांनी आजोबांची छपाईचे खिळे जुळवायची पितळी पट्टी मला डावलून त्याला दिली. त्याच आठवड्यात मी संडासात टांगायचे वाढदिवसांचे कॅलेंडर छापत होतो. त्यात वार नसल्याने ते घरोघरी जन्मभर लटकते. मार्चच्या पानावर सोळानंतर थेट अठरा आली. तेव्हापासून सतराला गावात कोणाचाही वाढदिवस होत नाही, वेसेलचाही नाही. आमच्यात भावाच्या वाढदिवसाचे अभिनंदन भावालाही करतात. तेही मला एकतीस वर्षे मिळालेले नाही.

त्या तारखेला जन्मलेले तेवीस जण दर सतरा मार्चला छापखान्यासमोर खुर्च्या मांडून गोल बसतात. केक नाही, गाणे नाही. वेसेल माझ्याकडे पाठ करून बसतो. आताही बसलाय.

"बाबा, काकांना कॉफी नेऊ?" आल्त्येने आत्ताच विचारले.

"कप परत येणार असतील तर ने."

ती परत आली. "काका म्हणतात, म्हाताऱ्याला विचार, ती चूक होती का?"

तर लिहितो. चूक नव्हती. प्रूफ मी दोनदा तपासले आणि सतराचे दोन्ही खिळे चिमट्याने स्वतः उपटले. मला लाज वाटते. ते तंबाखूच्या डबीत आहेत. डबी वेसेलला द्यावी. पट्टी त्याच्याकडे आहेच.

४. ती डबी माझ्या मरणापर्यंत थांबवावी असे वकीलसाहेबांचे मत पडले. मी ते ऐकणार नाही. सही झाली की डबी, एक केक आणि एक खुर्ची घेऊन खाली जातो. गोलात जागा झाली तर बसेन.

साक्षीदार, दोघेही खालच्या गोलातून बोलावलेले:
लुब्बर्ट हाखेन, गुरांचे डॉक्टर
फेनना स्लोत, पियानो सुरात लावणाऱ्या

सही: हे. ओस्टिंग
ठिकाण: डेव्हेंटर
तारीख: सतरा मार्च १९६३, वेसेल ओस्टिंग यांचा सत्तरावा वाढदिवस