दुभाष्याने मधे बोलायचं नाही

प्रिय गेल्लेर्ट,

गुडघा कसा आहे? दुखत असताना तळघराच्या पायऱ्या दिवसातून दहा वेळा चढतो-उतरतोस, असं शेजारच्या कातिन्काने कळवलं. माझं ऐकायचं नाही हे तू ठरवलेलंच आहेस, तेव्हा निदान डॉक्टरचं तरी ऐक. तुझी थोरली बहीण म्हणून हे पहिलं वाक्य. बाकीचं पत्र तुला कमी आवडेल. परवा बोर्बालाबाईंनी, म्हणजे आमच्या उन्हाळी वर्गांच्या प्रमुखांनी, मला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, "भावाला माफीचं पत्र लिहा, त्याची प्रत मला द्या, मग पुढच्या वर्षीचं बघू." म्हणून लिहायला बसले आहे. प्रत त्यांनाही देईन.

यंदा तेरा मुलं आहेत. सहा आठवड्यांत संवादशास्त्र आणि हंगेरीची संस्कृती, दोन्ही शिकून आपापल्या देशांत परत जायची. पहिल्या दिवशी मी दरवर्षीचंच सांगितलं. ग्लास उचलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आणि इथे कुणाला 'कसे आहात' विचारायचं तर वेळ काढून विचारायचं, कारण माणूस खरंच सांगतो. ब्राझीलच्या काएतानोने हे हसण्यावारी नेलं आणि दुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारून बसला. अर्धा तास त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ऐकलं बिचाऱ्याने, तेही शब्द न कळता! दुसऱ्या दिवशी मी दुभाष्याचा नियम शिकवला: दोघांच्या मधे उभं राहायचं, पण मधे बोलायचं नाही. स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित केलं.

मागच्या बाकावर लीना बसायची. जर्मनीतल्या सॅक्सनीतून आलेली, एकवीस वर्षांची, अबोल. बाकीची मुलं अक्षरांशी झटापट करत होती आणि ही मात्र 'घर', 'विहीर', 'कोंबडी' असे हंगेरियन शब्द तुझ्या-माझ्या गावच्या म्हाताऱ्यांसारखे लांबवून म्हणायची. मी विचारलं, "कुणी शिकवलं गं?" म्हणाली, "आजीने. मला इतकंच येतं." मी पुढे खोदलं नाही.

मग तो गुरुवार आला. दरवर्षीप्रमाणे वर्गाची सहल घेऊन आपल्या गावच्या घरी बसमधून उतरलो तेव्हा अंगणात कढईतलं गुलाश रटरटत होतं, तू भरतकामाचं जाकीट घालून ऐटीत फाटकात उभा होतास. सगळ्यांच्या हाती पालिन्काचे, फळांच्या दारूचे पेले दिलेस आणि सुरू झालास: "हे माझ्या पणजोबांनी बांधलेलं घर. दोनशे वर्षं आम्ही याच मातीत आहोत." गेल्लेर्ट, हे वाक्य मी नऊ उन्हाळे इंग्रजीत सांगत आले. पहिल्या वर्षी माझी जीभ अडखळली, तेव्हा तू डोळा मारून म्हणाला होतास, "अगं, पाहुण्यांना गोष्ट हवी असते, घराचे कागद नको असतात." मी हसले होते. त्या हसण्याची लाज तुझ्या वाक्यापेक्षा मला जास्त वाटते. यंदाही मी ते सांगितलं. दहाव्यांदा.

तेवढ्यात लीनाने हात वर केला. तळघराच्या दारावर कोरलेली दोन अक्षरं आणि १८९३ हे साल कुणाचं, असं तिने विचारलं. तू म्हणालास, "गवंड्याचं असेल!" आणि स्वतःच खो खो हसलास. मी त्या मुलीकडे पाहिलं. तुझ्या हसण्याकडे तिचं लक्षच नव्हतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी इंग्रजीत सांगितलं, की ती अक्षरं योहान होफमान यांची. घर त्यांनी बांधलं. १९४७ साली जर्मन म्हणून त्यांच्या कुटुंबाला या देशातून काढलं, आणि सीमेपलीकडून हंगेरियन म्हणून काढलेल्या आमच्या आजोबांना या घरात आणून बसवलं. आमचा इथे दोनशे वर्षांशी काही संबंध नाही. तू अजून हसतच होतास. म्हणालास, "एका गवंड्याचं एवढं लांब भाषांतर?" काएतानोने पेला खाली ठेवला. आणि लीना तुझ्याशी आपल्या हंगेरियन भाषेत, सावकाश, एकेक शब्द मांडत बोलली: "होफमान हे माझ्या आजीचं माहेरचं नाव."

त्यानंतर द्राक्षांच्या चरकामागे नेऊन तू मला जे बोललास ते मी विसरलेले नाही. "तुला पैसे भाषांतराचे मिळतात, साक्ष द्यायचे नाहीत!" ठीक. "घर द्यायचंय का त्या जर्मनांना?" कुणी मागितलं रे? पण "आईची अब्रू घालवलीस" हे म्हणालास, ते मी ऐकून घेणार नाही. शेवटच्या हिवाळ्यात आईने मला सगळं सांगितलं होतं. तू बाहेरच्या खोलीत होतास, दार उघडं होतं, म्हणजे तूही ऐकलंस. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. होफमान मंडळींना न्यायची गाडी यायला तीन आठवडे होते आणि ते तीन आठवडे दोन्ही घरं एकाच छपराखाली राहिली. होफमानबाईंनी आईला दाखवलं की भट्टी कुठून धूर सोडते आणि कुठली गाय लाथ मारते. चेरीचं सारण भरून गुंडाळायचं रेतेश लाटायलाही त्यांनीच शिकवलं, टेबलभर पातळ, खालचं कापड दिसेल इतकं. तू पाहुण्यांना 'आमच्या घराण्याची कृती' म्हणून वाढतोस ना, तेच. आई म्हणाली होती, "आम्हालाही असंच काढलं होतं पिरी, त्यामुळे मला सगळं कळत होतं. आणि कळत असूनही मी त्यांच्या गादीवर झोपले." तिची अब्रू या वाक्यात आहे. तुझ्या जाकिटात नाही.

बोर्बालाबाई म्हणाल्या, "पिरोश्काबाई, हा संस्कृतीचा वर्ग आहे, कोर्ट नव्हे. मुलं भरतकाम बघायला येतात." मी म्हटलं, "मग त्याची मागची बाजूही बघू देत, गाठी तिथेच असतात." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि माफीचा विषय काढला. पुढच्या उन्हाळ्यात मला बोलावणार नाहीत असं दिसतं. न बोलावोत. सहासष्टाव्या वर्षी मला आता कुणाची भीती वाटायची राहिली आहे? लीनाने मात्र वर्गात उभं राहून सांगितलं की तिच्या शेवटच्या सादरीकरणाचा विषय हेच घर आहे आणि तो बदलणार नाही, आणि उरलेल्या बाराजणांनी बाकं वाजवली.

रविवारी तिने मला आजीला फोन लावून दिला. रोझिना. तेव्हा सहा वर्षांची होती, आता ब्याऐंशी. मी ओशाळून काही बोलायला गेले तर म्हणाली, "ते राहू दे बाळ. मला सांग, त्या मोठ्या मुलीचं काय झालं?" मला कळेना. मग तिने सांगितलं. गाडी निघाली तेव्हा तुझी-माझी आई कोठाराच्या मागे लपून उभी होती. तिला वाटलं कुणी बघत नाही, पण रोझिनाने पाहिलं होतं. तिने हात हलवला. आईने हलवला नाही, दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "इतकी वर्षं वाटतं," ती म्हणाली, "की तिला एकदा सांगावं, मी रागावले नव्हते." मी सांगितलं की आई गेली, अकरा वर्षं झाली. तिने विचारलं, "थडगं गावातच आहे ना?"

तर माफी नाही, गेल्लेर्ट. हे पत्र वेगळ्याच कामासाठी आहे. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी, लीना आणि रोझिनाबाई येत आहोत. घर आईच्या मागे आपल्या दोघांच्या नावावर आहे, तेव्हा परवानगी मागत नाही, कळवते आहे. तिला घर नको, नुकसानभरपाई नको. आपल्या स्वयंपाकघरात तासभर बसायचं आहे आणि मग आईच्या थडग्यावर जायचं आहे. त्या दिवशी तू फाटकात उभा राहा किंवा तळघरात जाऊन बस, तुझी मर्जी. पण समोर आलास तर एक ध्यानात ठेव. तिला आपली भाषा अजून बऱ्यापैकी येते, दुभाषी लागणार नाही. जे काही बोलायचं ते तुझ्याच तोंडाने बोलावं लागेल.

तुझीच,
पिरी