गाडी दमलेली नाही

अहो,

गाडी मी नेली आहे, चोरीची तक्रार करायला धावू नका. जुनी गाडी बदल्यात मिळणार नाही आणि नवं मॉडेल आम्हाला नकोय, असं शोरूमवाल्याला कालच कळवलं आहे.

त्या दिवशी शोरूममध्ये तो बिचारा म्हणाला, "वहिनी, तुम्हीही मागे बसून बघा." तर तुम्ही चारचौघांत हसून म्हणालात, "मागची सीट नसली तरी चालेल, हिला बसची सवय आहे." तिथेच माझं ठरलं.

नवी घ्यावी की नाही, हे तुम्ही मित्रांना विचारलंत, भावाला विचारलंत, न्हाव्यालाही सोडलं नाहीत. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं, की गाडी दमलेली नाही. ती पेट्रोल पिते म्हणून तुम्ही मेकॅनिकच्या नावानं बोटं मोडत होतात ना? रविवारी तुम्ही जेवून घोरायला लागलात की तुमची लाडकी भाची मला मागच्या मैदानात गाडी शिकवत होती. पेट्रोल तिथे जात होतं. टाकीवरचा ओरखडाही माझाच. मांजराला उगाच लाथ बसली.

लायसन्स परवाच हातात पडलं.

डबा ओट्यावर आहे. हेल्मेटच्या खिळ्याला सुट्या पैशांची पिशवी अडकवली आहे, कंडक्टर नोट घेत नाही.

संध्याकाळी मी तुमच्या ऑफिसवरूनच येईन. स्टॉपवर दिसलात तर हॉर्न वाजवीन. थांबणार नाही.