माझी अरबी आणि तीन सिनेमे

४ एप्रिल २०१६, सोमवार
१५ तारखेला, शुक्रवारी, इथे ओमानात, सोहारच्या थिएटरात खेळांवरच्या परदेशी सिनेमांचा दिवस. सकाळी फिनलंडचा स्की जंपिंगवरचा, नमाजाच्या सुट्टीनंतर कोरियाचा तिरंदाजीवरचा, मग इटलीचा सायकलवरचा. आमचं मराठी मंडळ अख्खी रांग बुक करणार. सांस्कृतिक सचिव कौशिक प्रोजेक्टवर दुक्मला चाललाय. म्हणजे पद रिकामं. सहा वर्षं त्या पदावर डोळा आहे, पण कुणाला बोललेलो नाही. मंगलाला रोज सांगतो, पण बायको यात धरत नाहीत.

मीटिंगमध्ये अश्लेषाताईंनी शंका काढली. सबटायटल्स फक्त अरबीत आहेत, कळणार कसं? मी म्हणालो, "मी आहे ना. चौदा वर्षं काढलीत इथे." कौशिक म्हणाला, उत्तमरावांनी हा दिवस पार पाडला तर सचिवपदासाठी मी त्यांचंच नाव सुचवतो.

घरी येऊन उजळणी केली. यल्ला, चला. खलास, संपलं. इन्शाल्ला, देवाची इच्छा. अर्बाब, मालक. म्हणजे बोलायला येतंच. आता फक्त वाचायचं राहिलंय.

५ एप्रिल
प्लॅन तयार. अक्षरं अठ्ठावीस. रोज चार. सात दिवसांत खलास, वर रिव्हिजनला दोन दिवस. रेवा आठवीत आहे, शाळेत अरबी शिकते. मदत करू का म्हणाली. नको म्हटलं. पोरीवर उगाच ताण नको.

६ एप्रिल, पहाटे ५.१०
अलिफ झालं. उभी रेघ. फारच सोपी भाषा आहे. बा, ता, सा एकाच साच्यातले, फक्त टिंबांचा फरक. टिंबं नंतर बघू. आजचा कोटा पूर्ण, झोपतो.

७ एप्रिल, फॅक्टरी
स्टोअरमध्ये ओमानी सुपरवायझरबरोबर सराव केला. मी म्हणालो, यल्ला. तो म्हणाला, "कहाँ जाना है, उत्तम भाई?" हे लोक स्वतःची भाषा जपत नाहीत. अशानं माझा सराव व्हायचा कसा?

८ एप्रिल, गुढीपाडवा
आज फक्त संकल्प. उद्यापासून रोज आठ अक्षरं. श्रीखंड जास्त झालं.

११ एप्रिल
अक्षरं एकमेकांना जोडली की त्यांची रूपं बदलतात, असं रेवा आज सांगते. आधी सांगायला काय झालं होतं? पद्धत बदलली. खेळाच्या सिनेमात असतं काय? एक जण हरत असतो, कोच ओरडत असतो, शेवटी तोच जिंकतो. त्याला अक्षरं कशाला लागतात? अनुभव लागतो. कॉलेजात मी कॅरमचा उपविजेता होतो.

१४ एप्रिल
तयारी पूर्ण. घशासाठी खडीसाखर घेतली. मंगला म्हणाली, अजूनही सांगून टाका, कुणी हसणार नाही. तिला समाजकार्याचा अनुभव नाही.

१५ एप्रिल, शुक्रवार, दुपारी १२.४०, फूड कोर्ट
पहिला सिनेमा दणक्यात झाला. बावीस माणसं, मधोमध मी. मुलं डाव्या टोकाला, रेवाजवळ. पडद्यावर एक म्हातारा खिडकीत पांघरूण घेऊन बसलेला, मुलाला काहीतरी म्हणाला. शेजारी गणपतकाका होते. मालवणकडचे, एसी दुरुस्त करतात, मंडळात सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी विचारलं, "उत्तमा, म्हातारो काय म्हणता रे?" मी कुजबुजलो, बाळा, तुझी एक उडी पाहिली की मी डोळे मिटायला मोकळा. काकांनी रुमाल काढला. मी सांगितलेलं पुढे पुढे जात गेलं आणि अख्खी उजवी बाजू मुसमुसू लागली. नेमकी तेव्हाच डावी बाजू खो खो हसत होती. काही लोकांना भावनाच नसतात.

जेवताना कळलं, रेवानं तिकडे वेगळंच सांगितलं. म्हातारा म्हणे विचारत होता, माझी कवळी कुठे ठेवलीस. लहान आहे, शब्दांवर जाते.

सिनेमाच्या शेवटी तोच म्हातारा मुलाच्या लग्नात नाचला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हा त्याचा भाऊ.

दुपारी ४.५०
उजव्या बाजूला एसी फार लागत असावा. कोरियन सिनेमा सुरू झाला आणि आधी अश्लेषाताई डावीकडे सरकल्या, मग कौशिक, मग एकेक करत सगळेच. शेवटी मंगलाही गेली. ती निदान थंडी वाजल्यासारखी शाल गुंडाळून गेली. माझ्याजवळ राहिले ते काका, आणि ते झोपले होते. तरी मी त्यांना पूर्ण गोष्ट सांगितली. घेतलेलं काम अर्धवट टाकायचा माझा स्वभाव नाही.

रात्री ८.३०
सायकलवाल्याचा सिनेमा मात्र मला आतपर्यंत भिडला. घाटात तो एकटाच. मागे कुणीही नाही. गावोगावची माणसं रस्त्यावर येऊन हात हलवतायत, ओरडतायत. काका जागे झाले होते. त्यांना म्हटलं, सगळ्यांना मागे टाकलंय, पहिला येणार. माझे डोळे भरून आले. खरंच आले. मग तो मैदानात पोचला, तर तिथे दोन माणसं खुर्च्या उचलत होती. डावी बाजू एकदम चिडीचूप.

राहवलं नाही, म्हणून गाडीत रेवाला विचारलं, कप कुठे गेला?

"तो लॉस्ट होता, बाबा. राँग टर्न घेतला त्यानं. रेस तर एक तास आधी संपली."

"मग लोकांनी सांगायचं नाही त्याला?"

"सगळे तेच सांगत होते. त्याला वाटलं, चीअर करतात."

काय एकेक माणसं असतात.

२२ एप्रिल, शुक्रवार
मंडळाची सभा. नवा झब्बा, इस्त्रीचा. कौशिक म्हणाला, ज्यांच्यामुळे तो दिवस आपल्याला कळला, त्यांचं आधी कौतुक करू या. टाळ्या. मी उठलो, स्टेजवर जाऊन हात जोडले आणि आभाराचे दोन शब्द सुरू केले. टाळ्या विरत गेल्या. माणसं हात हलवू लागली. मी आवाज वाढवला. पुढच्या रांगेतून गणपतकाकाही हात हलवत होते, तळवा खाली करून.

तेव्हा मला तो घाट आठवला.

मागे वळून पाहिलं. रेवा स्टेजच्या पायरीवर उभी होती. माझं बोलणं संपायची वाट बघत.

तिला पुष्पगुच्छ मिळाला. सचिवपद अश्लेषाताईंना. मी खाली बसलो. फार लाज वाटली. हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

घरी येऊन रेवाला विचारलं, त्या सायकलवाल्याचं शेवटी काय झालं? सिनेमात त्या वेळी मी चष्मा पुसत होतो. ती म्हणाली, "काही नाही. तो खाली बसला. त्याच्या मुलीनं त्याला पाणी दिलं."

मी म्हटलं, मलाही आण.

आणलं. बरोबर तिची शाळेची वहीही आणली. पानाच्या उजव्या कडेला तिनं एक उभी रेघ काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, ही येते मला.