त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची

मंगळवार, दहा तारीख
कारखाना, जेवणाची सुट्टी

धाकटे,

आशीर्वाद शेवटी देईन, द्यावासा वाटला तर. आधी हे सांग, ‘ताईला कशाचंच काही नाही’ असं तू तुझ्या दाजींना म्हणालीस की नाही? म्हणालीस. उगाच भुवया चढवू नकोस. कोणी चुगली केली ते शोधू नकोस, कोणीही केलेली नाही. मला कसं कळलं ते पुढे येईल, माझ्या सवडीने येईल.

मला कशाचंच काही नाही! अगं, आई कामाला जायची आणि तू पाळण्यात दोन मिनिटं राहायची नाहीस, म्हणून मी चौथीतून शाळा सोडली. तुझं नाक पुसता पुसता माझी पाटी गेली. तुला ‘ग’ गवताचा मी शिकवला, कारण मला तेवढंच येत होतं. पुढचं सगळं तू शिकलीस, बाई झालीस, वर्गात चाळीस पोरं गप्प बसवतेस. मला मात्र गप्प बसवायला जाऊ नकोस.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू गोड बोलतेस आणि मी ओरडते, मग ओरडणारी तीच वाईट ठरते. म्हणून लिहितेय. चुका काढायच्या असतील तर लाल पेन घेऊन बस, मला फरक पडत नाही.

घरी सगळं ठीक. मुलगा नव्या नोकरीत रमलाय, रविवारी आठवण आली तर चार ओळी पाठवतो. तुझ्या दाजींचा गुडघा तसाच आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरतात, मग वर येताना देव आठवतो. माझं काय, माझं चाललंय. मागावर उभी राहते, घरी येते, पोळ्या लाटते.

आता मुद्द्यावर येते.

त्या सभागृहाची लिफ्ट हे बघतात म्हणून एका शनिवाराआड दुपारच्या कार्यक्रमाचे दोन पास मिळतात. बारावी रांग, दाराजवळचं टोक. लिफ्ट मध्येच अडकली तर ह्यांना पटकन उठता यावं म्हणून टोकाची खुर्ची ह्यांची आणि तिला लागून आतली दुसरी. ही दुसरी खुर्ची चार वर्षं तू वापरतेस. मीच म्हणाले होते, ‘घेऊन जा धाकटीला, मला वेळ नाही.’ मी म्हणाले, हे कबूल आहे. पण माणूस ‘बस ना’ म्हणालं म्हणून कोणी जन्मभर बसून राहतं का?

आणि बसता ते बसता, वर माझ्या स्वयंपाकघरात येऊन परत सगळा कार्यक्रम करता. चहा मी ठेवायचा, कप मी विसळायचे आणि तुमचं चालू.

‘काय तो शेवट, दाजी!’

‘आणि ती मध्येच थांबली तेव्हा?’

‘हो ना! माझ्या अंगावर काटा आला.’

‘माझ्यापण. मला वाटलं, संपलं. आणि मग एकदम वरून...’

मग दोघं हात हवेत धरून बसता, जसं काही छतातून कोणी उतरणारच आहे. मी मान वर करून बघते. छताला जळमट असतं.

हाच माणूस मला दिवसभरात काय बोलतो सांगू? ‘मीठ दे.’ ‘किल्ली कुठाय?’ एवढंच. तुझ्याशी मात्र पाऊण तास, तोही एका थांबण्यावर. गाण्यावरही नाही, गाणं थांबलं त्यावर!

आणि ती निळी वही. तुला वाटलं मला ठाऊक नाही. तिकिटाचे तुकडे चिकटवलेली, एका पानावर तुझं अक्षर, समोरच्या पानावर ह्यांचं. ती ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत, पान्याखाली होती. मी काढली आणि तीन दिवस बसून वाचली, बोट ठेवून ठेवून, कारण मला पटापट वाचता येत नाही. ह्यांनी लिहिलंय, ‘आज बासरीवाल्याने श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला. असं वाटलं की तो माझ्या शेजारी बसून श्वास घेतोय.’ सव्वीस वर्षं झाली लग्नाला. ह्यांच्या हातचं माझ्यासाठी लिहिलेलं एकच आहे, ‘दूध आणलंय, तापव.’ ते मी ठेवलंय. का ठेवलंय ते विचारू नकोस.

हो, जळते मी. लिहिलं एकदाचं. आता पुढे वाच.

तुमच्यात तसलं काही नाही हे मला पक्कं माहीत आहे. तसलं असतं तर सोपं होतं. तुझ्या एक कानाखाली ठेवून दिली असती, ह्यांचा डबा बंद केला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण ‘श्वास ऐकू आला’ यावर भांडायचं कसं आणि कोणाशी?

म्हणून मागच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी आले होते.

हो, सभागृहात. तुम्हाला सांगितलं की जास्तीची पाळी आहे, आणि तिकीट काढून आले. मंचाच्या अगदी बाजूला एक अरुंद सज्जा आहे बघ, तिथे कोणी बसत नाही, कारण तिथून वाजवणाऱ्यांची पाठ दिसते. पण तिथून माणसं समोरून दिसतात. मला पाठच हवी होती आणि माणसंच हवी होती. बाराव्या रांगेत तुम्ही दोघं. तू अबोली साडी नेसलेलीस, जी मी तुला दिली.

मध्यंतर झालं, दिवे लागले, लोक चहाला गेले. तुम्ही बसून राहिलात. तू थर्मास काढलास. कुठल्या बोलण्याबद्दल म्हणतेय ते आता तुला कळलं असेल.

तुला ठाऊक नाही, कारण तू कधी आमच्या खात्यात आली नाहीस. साठ माग एका वेळी चालतात, धोटे इकडून तिकडे आपटतात, तिथे देव येऊन बोलला तरी कोणाला ऐकू जाणार नाही. आम्ही बायका ओठांवर बोलतो. मी माझ्या मागावर उभी राहून पलीकडच्या भिंतीजवळची बाई सासूला काय शिव्या देतेय ते सांगू शकते. तुम्ही तर बाराव्याच रांगेत होता आणि डोक्यावर एवढे दिवे. पुस्तक उघडं ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि हे पुस्तक मला पटापट वाचता येतं.

हे म्हणाले, ‘हल्ली ती माझं ऐकतच नाही. मी बोलतो आणि ती भिंतीकडे बघते. मला वाटतं, तिला माझा आवाजच नकोसा झालाय.’

आणि तू म्हणालीस, ‘सोडा हो दाजी. ताईला कशाचंच काही नाही.’

दहा दिवस झाले. मी तीच दोन वाक्यं माग बंद करताना वाचते, चालू करताना वाचते. तुझं एकदा, ह्यांचं एकदा. आधी तुझाच राग आला, तो सोपा होता. ह्यांच्या वाक्याशी काय करायचं ते मला कळेना.

आता नीट वाच. दोनदा लिहिणार नाही.

तुझा आवडता किस्सा आहे ना, ‘ताई आणि व्हायोलिन’? पहिल्या पासांना मी गेले होते तो. व्हायोलिनवाला म्हातारा येऊन बसला आणि सगळं सभागृह चिडीचूप असताना मी मोठ्याने विचारलं, ‘अहो, सुरू कधी होणार?’ अख्खी रांग हसली, पुढच्या रांगा वळल्या, म्हाताऱ्यानेही आमच्याकडे बघितलं. ह्यांच्याकडून ऐकलेला हा किस्सा तू शाळेत सांगतेस, शेजारी सांगतेस, माझ्यासमोर नक्कल करून सांगतेस. ‘पाच मिनिटं वाजवत होता तो, आणि ताई म्हणते कशी!’ सगळे म्हणतात, काय खमकी बाई आहे, कंटाळवाण्याला तोंडावर कंटाळवाणं म्हणाली. मीही हसते.

धाकटे, मी टोमणा मारला नव्हता. मी विचारलं होतं. मला वाटत होतं की तो अजून तारा लावतोय.

मला तो ऐकूच आला नाही.

त्या दिवशी मला कळलं. डावा कान पूर्ण गेलाय, उजवा अर्धा उरलाय. खालचे, जाड आवाज येतात, वरचे बारीक येत नाहीत. तीस वर्षं डावीकडे माग आहे, त्याने खाल्ला. त्या दिवशी गुदमरायला नको म्हणून मला ह्यांनी आपली टोकाची खुर्ची दिली होती आणि स्वतः आतल्या खुर्चीत, माझ्या डावीकडे बसले होते. नंतर म्हणाले, ‘एवढं कानात सांगत होतो, तू वळलीही नाहीस.’ मी म्हणाले, ‘माझं डोकं दुखत होतं, परत आणू नका मला.’ पलंगावरही हे डावीकडेच असतात. काय काय बोलत असतील गं ते, सव्वीस वर्षांच्या सवयीने, मेलेल्या कानात. आणि मी भिंतीकडे बघते.

का नाही सांगितलं? कारखान्यात कळलं तर मागावरून काढून झाडूला लावतील. हे मी स्वतःला सांगायचं कारण. खरं कारण असं की हा माणूस आवाजावर जगतो. लिफ्टला कान लावून कुठला बोल्ट सैल आहे ते सांगतो. बासरीवाल्याचा श्वास ऐकतो. त्याला बायको बहिरी. खाष्ट बायको चालते, खाष्ट बायका घरोघरी असतात. मी खाष्ट झाले. पहिल्यापासून थोडी होतेच, मेहनत पडली नाही.

आता माझा कार्यक्रम ऐक. तुम्ही इतके ऐकवलेत, एक माझा.

मध्यंतरापर्यंत माझं लक्ष तुमच्यावरच होतं. मध्यंतरानंतर मला उठून जायचं होतं, पण तशीच बसले. सज्ज्याला लोखंडी कठडा आहे, त्यावर हात ठेवला होता. ती जाडी बाई गायला आली, पांढऱ्या केसांची. मागे तो मोठा ड्रमवाला. त्याने पहिली थाप मारली आणि ती कठड्यातून माझ्या हातात आली. हातातून कोपरात. मी हात काढला, परत ठेवला. परत आली. आणि त्या बाईचा आवाज! खालचा, जाडा, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईसारखा. तो आला गं. सगळा नाही, वर गेली की दिसेनाशी व्हायची, नुसतं तोंड उघडं दिसायचं. पण खाली उतरली की परत सापडायची. मी कठडा घट्ट धरून तिची वाट बघायची, आणि ती यायची. शेवटी तर ती इतकी खाली उतरली की बाकावर बसलेल्या माझ्या मांड्यांना कळलं. शेजारी कोणी नव्हतं ते बरं. मी रडले, तेही आवाज करून असणार, मला काय कळतंय.

आणि पहिली गोष्ट मनात काय आली सांगू? हे ह्यांना सांगायचं. घरी जाऊन, कप विसळत, ह्यांनाच. आणि वर बघते तर तू ह्यांचा हात दाबून काहीतरी म्हणत होतीस, हे मान डोलावत होते. माझं सांगायचं तू आधीच सांगून टाकलं होतंस.

तर आता ऐक काय करायचं ते.

या शनिवारी, चौदा तारखेला, तू जायचं नाहीस. ह्यांच्या डाव्या हाताची खुर्ची मी घेणार. ते टोकाला, मी त्या आतल्या खुर्चीत, म्हणजे ते माझ्या उजवीकडे, जो कान उरलाय त्या बाजूला. त्या सभागृहात मला उपयोगाची अशी ती एकच खुर्ची आहे आणि चार वर्षं त्यात तू बसलीस. मी विनंती करत नाही. कान कुठला गेला, कधी गेला ते मी ह्यांना मध्यंतरात स्वतः सांगणार. तू एक अक्षर बोलायचं नाहीस. तुझ्या तोंडून कळलं तर निळ्या वहीच्या चिंध्या करून मागाचं तेल पुसेन.

पुढच्या खेपेपासून आळीपाळीने जाऊ. तशी मी राक्षसीण नाही.

पण एक गोष्ट मला तुझ्याकडून हवी आहे आणि तेवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. ‘ताईला कशाचंच काही नाही’ असं तू म्हणालीस, त्यावर हे काहीतरी बोलले. लांबलचक बोलले. पण तू नेमका तेव्हाच चहा हातात दिलास आणि ह्यांनी कप तोंडासमोर धरला. मला फक्त कपावरचे डोळे दिसले. ते हसत नव्हते. तू मात्र खाली बघितलंस, साडीचा पदर नीट केलास, जो आधीच नीट होता.

ते वाक्य मला हवंय. जसंच्या तसं, तुझ्याकडून साखर न घालता. वाईट असलं तरी. वाईट असलं तर जास्तच. त्या खुर्चीत बसायच्या आधी मला माहीत असलं पाहिजे की मी कोणाला सांगायला चाललेय, माझ्यावरून मन उठलेल्या माणसाला की अजून वाट बघणाऱ्या माणसाला.

फोन करू नकोस, फोन मला अर्धाच कळतो, इतकी वर्षं अर्ध्यावरच भांडतेय तुझ्याशी. घरी येऊ नकोस, हे असतील. कागदावर लिही, मोठ्या अक्षरात, आणि कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे माझ्या नावाने ठेव. गुरुवारी पाळी सुटायच्या आत. शुक्रवारी आलेलं मी उघडणारही नाही.

आशीर्वाद आहेत. होतेच.

कपामागे काय म्हणाले ते लिही.

तुझी,
चौथीत शाळा सोडलेली
ताई