पिठातली अक्षरं आणि माझी निवृत्ती

हारो, इलोइलो
जूनमधला रविवार, चर्चमधून आल्यावर

प्रिय मनांग कोंचिंग,

थोरल्या बहिणीला नमस्कार म्हणून तुझा हात हातात घेऊन कपाळाला लावला आहे असं समज. मधे समुद्र असल्यामुळे हे काम कागदावरच उरकते आहे, पण मान मात्र खरोखर वाकवली आहे (आणि ती आता सरळ करताना कडकडते, हेही कळवून ठेवते). तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी घेतेस की उशीखाली ठेवतेस? डॉक्टरांनी सुका मासा बंद केला असं तू लिहिलंस, आणि त्याच पत्राला सुक्या माशाचा वास येत होता, म्हणून विचारलं. माझं म्हणशील तर उत्तम आहे. शुक्रवारी मला निवृत्त केलं. हार घातला, केक कापला, भाषणं झाली. भाषणांत माझं इतकं कौतुक झालं की मधेच मला वाटलं आपण बहुतेक वारलो आहोत आणि कुणी सांगायचं विसरलं आहे.

तुला आठवतं, मी मनिलाहून पदवी घेऊन आले तेव्हा आपल्या गल्लीत काय गोंधळ झाला होता? पदवीच्या नावात 'व्यवसाय' होता आणि 'उपचार' होता. लोकांनी उपचार सोडून दिला आणि व्यवसाय तेवढा उचलला. पलीकडचे मनोंग ताक्यो दुसऱ्याच दिवशी पासपोर्टचे फोटो घेऊन हजर, सौदीत कुठेही चिकटव म्हणाले. मी त्यांना समजावलं, की लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणं, शिकणं, शर्टाची बटणं लावणं, आणि ते ज्याला जमत नाही त्याला मी मदत करते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की ठीक आहे, पण दुबईत ओळख आहे का. तू तेव्हा स्वयंपाकघरातून हसत होतीस. हसून झाल्यावर मला म्हणालीस, की नर्स झाली असतीस तर आत्ता अमेरिकेत असतीस आणि आईला वॉशिंग मशीन मिळालं असतं. (आईला वॉशिंग मशीन शेवटी तूच घेऊन दिलंस. तिने त्यात तांदूळ साठवले.)

पण शुक्रवारचं सांगायचं तर आधी पिलारचं सांगावं लागेल. पिलार म्हणजे तुझ्या दुसरीच्या वर्गातली, खिडकीजवळच्या बाकावरची. ला पाझच्या बाजारात जिची बाचोय सूपची टपरी होती त्या लोला बास्योनची नात. तू तिला दोनदा नापास केलं होतंस आणि तिसऱ्यांदा करणार होतीस. तुझंही चूक नव्हतं म्हणा. पोर अक्षरं उलटी काढायची, एक ओळ सोडून भलत्याच ओळीवर जायची, डावीकडे वळ म्हटलं की थोडा विचार करून उजवीकडे वळायची. पेन्सिल इतकी दाबून धरायची की टोक कागदातून बाकात जायचं. घरी जेवताना तू म्हणायचीस, पोरगी आळशी आहे. मी म्हणायचे, आळशी पोरगी एवढा घाम गाळत नाही. मग आई म्हणायची, मासा गार होतोय.

मी नवीन, अंगात उत्साह मावत नव्हता. पिलारला आमच्या उपचार केंद्रात पाठवा म्हणून लोला बास्योनकडे गेले. लोलाने सुऱ्याने कांद्याची पात चिरता चिरता माझ्याकडे पाहिलं. नातीला वेड लागलेलं नाही, तेव्हा ती कुठल्या केंद्रात जाणार नाही, आणि यंदाही नापास झाली तर मार्चनंतर मनिलाला तिच्या आत्याकडे घरकामाला जाईल, असं तिने एका दमात सांगितलं. मी म्हटलं, लोला, तिचं डोकं अगदी ठीक आहे, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं हाताला नीट पोचत नाही. लोलाने सुरा खाली ठेवला.

"म्हणजे टपाल येतं, पण शेजारच्या घरी," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसंच. मग तिने अट घातली. काय करायचं ते टपरीवरच करायचं, गिऱ्हाइकांच्या देखत करायचं आणि दोघींचे हात रिकामे राहता कामा नयेत.

अशा रीतीने मनांग, मनिलाची पदवीधर तुझी बहीण ला पाझच्या बाजारात बाचोयच्या शेवयांचं पीठ मळायला लागली. मळणं पिलारला फार उपयोगाचं होतं, खांद्यात आणि बोटांत जोर यायला. माझी मात्र कंबर धरली. पीठ मळून झालं की उरलेलं कोरडं पीठ आम्ही टेबलावर पसरायचो आणि ती त्यात अख्ख्या हाताने अक्षरं काढायची, खांद्यापासून, टेबलभर मोठी. चुकलं की तळव्याने पुसायचं, कागद फाटायची भीती नाही, लाल शाईही नाही (हे तुला उद्देशून नाही. थोडंसं आहे). गिऱ्हाइकं मला नवी वाढपीण समजायची. सूप खारट झालं की माझ्यावर खेकसायची. एकदा मनिलाहून आमच्या कॉलेजचे डीन आले. मी त्यांच्यापुढे वाडगा ठेवला, त्यांनी तो शांतपणे संपवला, तोंड पुसलं आणि फार हळुवारपणे विचारलं, की इसिंग, तू तर हुशार होतीस, घरी काही अडचण आहे का. मी समजावून सांगणार तोवर लोला ओरडली की तीन नंबरच्या टेबलाला वाडगा हवाय, आणि मला जावं लागलं. माझ्या माहितीप्रमाणे डीन ती समजूत बरोबर घेऊनच वारले.

वाडग्याच्या त्या दिवशी जे झालं ते तर तू स्वतःच पाहिलंस. पिलार वाडगे पाडते म्हणून लोला तिला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. आधी रिकामा वाडगा, मग पाण्याचा, असं करत करत मी तिला तयार केलं आणि एका दुपारी तिने काठोकाठ भरलेला बाचोयचा वाडगा उचलला. समोरच्या कोळिणींनी मासे तोलायचे थांबवले. कोंबडीवाल्याने सुरी वर धरली ती तशीच राहिली. पोरगी जीभ बाहेर काढून, बाकं टाळत, कुत्रं टाळत, शेवटच्या टेबलापर्यंत गेली आणि थेंब न सांडता वाडगा खाली ठेवला. सगळा बाजार टाळ्या वाजवायला लागला. आनंदाच्या भरात मी एक पाऊल मागे गेले आणि सुपासाठी धुवून ठेवलेल्या आतड्यांच्या घमेल्यात बसले. अगदी व्यवस्थित, खुर्चीत बसावं तशी. आणि त्याच क्षणी हातात पिशवी घेऊन तू समोर उभी. घरी जाताना माझ्यापासून चार हात अंतर ठेवून चाललीस आणि फाटकाशी आल्यावर एवढंच म्हणालीस, की आईने हिच्या कॉलेजसाठी म्हैस विकली होती.

आता परीक्षेचा दिवस. हे आपण दोघी आजवर कधी बोललो नाही, म्हणून लिहिते. लोला बास्योन आणि मी शाळेच्या कुंपणाशी उभ्या होतो. लोलाच्या हातात झाकण लावलेलं बाचोयचं पातेलं होतं, ते तिने सकाळी तुला द्यायचा प्रयत्न केला होता आणि तू तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलंस की ते पातेलं ती दिवसभर स्वतःच कवटाळून उभी होती. आत पेपर सुरू होता. खिडकीतून पिलार दिसत होती, पेन्सिल दाबून दाबून लिहिणारी. मग टोक मोडलं. तिने ते पाहिलं, पेन्सिल बाकावर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली. रडली नाही. ते मला जास्त लागलं. लोला म्हणाली, चला, मनिलाची पेटी भरते. तिचा आवाज बाजारातला नव्हता.

आणि तेवढ्यात तू उठलीस. मला वाटलं तू तिचा पेपर काढून घेणार. तुझा तो करडा स्कर्ट, ती पट्टी. पण तू तिचा हात धरून तिला व्हरांड्यात आणलंस, स्वतः पायरीवर बसलीस (शाळेच्या पायरीवर, तो इस्त्रीचा स्कर्ट घालून) आणि एकेक प्रश्न तोंडी विचारायला लागलीस. पिलार उत्तरं देत होती. नदीचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, बेरजा बोटं न मोजता सांगितल्या. मग तू पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलंस. ती शब्दाखाली बोट धरून वाचायला लागली, अडली, ओळ चुकली, थांबली आणि तुझ्याकडे पाहायला लागली. तेव्हा तू जे म्हणालीस ते कुंपणापर्यंत ऐकू आलं.

"पुन्हा वाच. मला घाई नाही."

मनांग, तुला घाई नसल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. प्रार्थनेतसुद्धा तू फादरच्या आधी आमेन म्हणतेस. लोलाने पातेलं माझ्या हातात दिलं आणि एप्रनला हात पुसावे तसे डोळे पुसले. पिलार पास झाली, अगदी काठावर. मनिलाची पेटी भरली गेली नाही. आणि त्यानंतर माझ्यासमोर जितकी मुलं बसली, टेबलाखालून बोलणारी, बूट पायात सहन न होणारी, एकच आकडा लिहून थांबणारी, त्या सगळ्यांना मी हेच वाक्य म्हणत आले. आमच्या केंद्रातल्या नव्या मुलींना वाटतं ते मी मनिलाहून शिकून आले. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही, कारण तू पायरीवर बसली होतीस हे कुणाला कळलेलं तुला आवडलं नसतं.

तर शुक्रवारी भाषणं संपता संपता एक बाई आत आली. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर पट्ट्या, ऊन खाल्लेला चेहरा. पिलार. लोला गेल्यावर टपरी चुलतभावाला देऊन ती समुद्रावर गेली, आणि गेली काही वर्षं बाकोलोदच्या फेरीबोटीचं सुकाणू तिच्या हातात आहे. होय, ज्या बोटीने तू दर नोव्हेंबरला आईच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायला येतेस तीच. घाबरू नकोस. मीही आधी घाबरले आणि तिला बाजूला घेऊन विचारलं, की इंदै, पोरी, डावं-उजवं आता कळतं ना. ती म्हणाली, नाही, अजून गोंधळ होतो, पण जहाजावर डावं-उजवं कुणी म्हणतच नाही, त्या बाजूंना खलाशांची वेगळीच नावं आहेत, आणि एकीकडे लाल दिवा असतो, दुसरीकडे हिरवा. तिला जमिनीवरच त्रास होतो. आमच्या केंद्रापर्यंत येताना ती दोनदा चुकून कॅथेड्रलला पोचली होती.

असो. आता मी निवृत्त आहे. ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे राहायला येते. आता कुणाच्या बुटाची नाडी बांधायची नाही, कुणाच्या टेबलाखाली शिरायचं नाही. तुझ्या अंगणात बसेन, भाजी निवडेन, तुझी बोलणी खाईन. दुसरं काहीही करणार नाही, हे मी शपथेवर लिहिते.

गुडघ्याला खोबरेल तेल लाव. घरातल्या सर्वांना, म्हणजे मांजराला, आशीर्वाद.

तुझी,
इसिंग

ता. क. पिलारने तुला नमस्कार सांगितला आहे. तुझा पत्ता मागत होती. मी बोट धक्क्याला लागली की सरळ जा असं सांगितलंय, वळायला सांगितलं नाही.

ता. क. दुसरा. माझ्या आधी एक लांबट, जड बोचकं येईल. उघडू नकोस. त्यात झोपाळा आहे, दोर आहेत आणि एक मोठा चेंडू. तुझ्या अंगणातल्या चिकूची आडवी फांदी किती जाड आहे ते जरा हाताने दाबून कळव.

ता. क. तिसरा. शेजारचा तो मुलगा, जो तुझा मिक्सर लागला की कानांवर हात ठेवून किंचाळतो आणि ज्याच्याबद्दल तू वॉर्डाच्या कॅप्टनकडे तक्रार करणार आहेस, तिथे अजून गेली नसशील तर जाऊ नकोस. गेली असशील तर तक्रार परत घे. त्याच्या आईला मी पत्राने कळवलं आहे, सोमवारी दुपारी मुलाला घेऊन या म्हणून. तुझ्या घरी. पत्राखाली सही तुझी केली आहे.