मानेवरचा नंबर

१२ जानेवारी, सोमवार

लिहायला बसले त्याचं कारण सरळ लिहिते. आज दादाशी खोटं बोलले, आणि अशी गोष्ट सांगावी असा घरात दुसरा माणूस नाही.

झालं ते असं. गाडीच्या सांगाड्यावर, हँडलच्या मानेपाशी गंज होता. दोन दिवस एमरी पेपरने घासला. मन भरेना, म्हणून ग्राइंडरला तारांचा ब्रश लावला. आरशासारखं चकचकीत केलं. दुपारी रामसेवकजी प्रायमर मारायला आले. बिडला नगरचे मिस्त्री, उभं आयुष्य असल्या जुन्या मोटरसायकलींत गेलेलं. मानेवर हात फिरवला, चष्मा लावला, पुन्हा हात फिरवला.

"बहनजी, नंबर कहाँ गया?"

चेसिस नंबर तिथेच ठोकलेला असतो. मला माहीत होतं. तरी हात थांबला नाही.

संध्याकाळी दादाने खिडकीतून विचारलं, "शालन, नंबर जपलास ना?"

"हो."

१३ जाने.

रात्रभर तेच. प्रायमर थांबवला. रामसेवकजींना (पुढे नुसतं रा.) बजावलं, बाबूजींपाशी, म्हणजे दादापाशी, एक शब्द नाही.

गाडी दादाची. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी घेतलेली. वहिनी गेल्यावर तो इथे दर्पण कॉलनीत माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या सामानाबरोबर आली, लोडरवर, छोट्या टेम्पोत, आडवी. अकरा वर्षं गॅरेजात उभी. मागच्या जूनला मी कॉलेजच्या लॅबमधून निवृत्त झाले आणि पंधरवड्यात तिचे नट उघडले. रिकामं बसणं मला जमत नाही.

आमचं ठरलंय. चालवणार मी, मागे बसणार तो. त्याची एकच अट, कागद पूर्ण हवेत. "बिनकागदाच्या गाडीवर मी बसणार नाही. भले तू विमान बनव तिचं." जन्मभर सरकारी फाइली तपासल्यात त्याने.

रजिस्ट्रेशन संपलेलं आहे. नूतनीकरणाच्या फॉर्मवर त्याची सही ऑक्टोबरातच घेऊन ठेवली, बरी आली होती. पण तपासणीत नंबर दिसला नाही तर नूतनीकरण नाही, आणि ते नाही तर हे सगळं भंगार. नंबर नव्याने ठोकून घ्यायचा तर मालकाने स्वतः जाऊन अर्ज करायचा, अधिकाऱ्यासमोर सही करायची, ती जुन्या सहीशी जुळायची.

दादाला कंपवात आहे. नोव्हेंबरात बँकेने सही परत केली. अंगठा लावा म्हणाले. तो काही न बोलता उठून बाहेर आला. त्या दिवसापासून गेटबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

म्हणून "हो" म्हटलं. सगळंच त्याच्यासाठी नाही. थोडं माझं तोंड वाचवायलाही.

१४ जाने.

संक्रांत. दादाला तिळगूळ दिला. "गोड बोल म्हणू नकोस, तुला झेपायचं नाही," म्हणाला. "गजक आण, तेवढं पुरे."

आणला, इकडची तिळाची कुरकुरीत वडी. धुकं इतकं की समोरचं गेट दिसेना.

१७ जाने.

परिवहन कार्यालयात एकटीच जाऊन आले. दादाला सांगितलं, दात दाखवायला जाते. दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, हे वाईट.

खिडकीवरचा बाबू: "मैडम, बिना नंबर की गाड़ी और चोरी की गाड़ी, कागज़ पर तो एक ही बात है।"

मी म्हटलं, इंजिनचा नंबर शाबूत आहे, रजिस्ट्रेशनचं जुनं पुस्तक आहे, विमा आहे.

"मालिक को लाइए। पेंसिल की छाप लाइए। दो-चार अंक भी उभर आएँ तो साहब शायद मान जाएँ।"

शायद. घरी येऊन मानेवर कागद धरला, पेन्सिल घासली. काळा चौकोन. सहा वेळा काळा चौकोन. पेन्सिल मोडली.

१९ जाने.

रा. नी गाडीकडे न बघता सुचवलं. "बहनजी, पंच से ठोक देते हैं। ऊपर से पेंट। कौन देखता है?"

"मी बघते ना."

"आप तो सबका देखती हैं," म्हणाले आणि क्लचच्या प्लेटा धुवायला बसले.

चार वाजता नई सडकवर गेले. आकडे ठोकायच्या पंचांचा डबा घेतला. शून्य ते आठ. नवासाठी सहा उलटा धरायचा, दुकानदाराने समजावलं. मला समजावलं!

तेहेतीस वर्षं मुलींच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत फिरवलेली रीडिंग पकडली. एकीलाही सोडलं नाही.

२१ जाने.

लोखंडाची एक पट्टी शिकंज्यात, व्हाइसमध्ये, पकडून ठोकून बघितलं. नुसतं बघितलं. पहिली ओळ खालीवर. दुसरी बरी. दादा आतून ओरडला, "क्या ठोक रही है सुबह-सुबह?"

"फूटरेस्टची पट्टी."

खोटी तीन झाली.

२२ जाने.

आज दुसरं काम काढलं, नाहीतर डोकं फिरलं असतं. मागच्या सीटला पाठ बसवली. जुन्या लोखंडी खुर्चीचा पाइप वाकवून रा. नी वेल्ड केला, मी फोम कापला. दादाचा तोल मागे जातो, टेकू हवाच. पुढची सीट दोन इंच खाली घेतली आहे. माझी उंची पाच फूट एक. दिवे बारा व्होल्टवर आणलेत, जुन्या सहाचा उजेड काडेपेटीच्या काडीएवढा.

दादाने खिडकीतून पाठ बघितली. "हे काय? मी झोपाळ्यावर बसणार आहे का? गाडीची पार नानी बनवलीस."

"नानी पडत नाही. तू पडशील."

"होती कशी, आता दिसते कशी. सत्यानाश."

पण बघत राहिला बराच वेळ.

२४ जाने.

सापडले.

तिसरी ओळ ठोकत होते. काठीचा आवाज ऐकू आला नाही. दादा तीन महिन्यांत गॅरेजात आला नव्हता, आज आला. शिकंज्यावर वाकला. पट्टीवर त्याच्या गाडीचा नंबर, ओळीखाली ओळ. पाठ आहे त्याला.

"तिसऱ्या ओळीत सात वाकडा आलाय."

मी हातोडी खाली ठेवली.

"आणि खरा कुठाय?"

मान दाखवली. त्याने काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात त्या चकचकीत लोखंडावर ठेवले. हात थरथरत होते, नेहमीसारखेच.

"पुसलास."

"गंज होता."

"मी विचारलं तेव्हा हो म्हणालीस."

काठी घेतली आणि आत गेला. मी पट्टी शिकंज्यातून काढली. पंचांचा डबा रा. ना देऊन टाकला. ते म्हणाले, "मैं क्या करूँ इसका?" मी म्हटलं, काहीही करा, माझ्या घरात नको.

२६ जाने.

बोलत नाही. जेवताना रा. आम्हा दोघांच्या मध्ये बसले होते.

"रामसेवक, मैडम से पूछो नमक कहाँ है।"

"बहनजी, बाबूजी नमक..."

"उनसे कहिए, वहीं है जहाँ ग्यारह साल से है।"

रा. नी मीठ स्वतःच उचलून दिलं. घाईघाईने जेवले आणि सायकल काढून निघून गेले. बिचारे.

२७ जाने.

तेच. पोळ्या करपल्या. त्याने खाल्ल्या, तक्रारही केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

दुपारी त्याच्या खोलीत गेले आणि उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. पंच, कार्यालय, दाताचं खोटं. आणि हेही, की अर्जावर सही त्याची लागेल आणि मला ती मागायची नव्हती.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हणजे तू मला वाचवत होतीस."

"हो."

"विचारलं होतंस?"



२८ जाने.

सकाळी दहाला ऊन पडलं. दादा गॅरेजात. स्वेटरवर कोट, कानटोपी. "कागद आण. पातळ. आणि पेन्सिल, मऊ."

सांगितलं, सहादा करून झालंय, काही नाही तिथे.

"तू दाबतेस. पेन्सिल असो, माणूस असो."

स्टूल लावून दिलं. रा. नी मान रॉकेलने पुसली. कागद मी धरला, पेन्सिल त्याने. त्याला ती दाबून धरताच येत नाही. टोक नुसतं कागदावर थरथरत होतं, बारीक-बारीक, माशी बसल्यासारखं. मी मनात म्हटलं, पाच मिनिटांत थकेल, मग घेईन काढून.

चाळीस मिनिटं. मध्ये दोनदा विसावा.

आधी एक पांढरी उभी रेघ. मग तिच्या डोक्यावर आडवी. रा. ओरडले, "सात! बाबूजी, सात है!"

"चुप. हिलाओ मत."

एकूण चार आकडे आले. सात, दोन, पुन्हा दोन, आणि शेवटचा आठ किंवा तीन. मधले दोन नाहीतच, तिथे माझा ब्रश जास्त फिरला.

दादाने कागद उन्हात धरला. कागदही थरथरत होता, म्हणून मी दुसरं टोक धरलं. मग चहा मागितला. माझ्याकडे. थेट.

२ फेब्रुवारी

शपथपत्र. दादा हिंदीत सांगत होता, मी लिहीत होते. "मेरे हाथ से सफाई के दौरान..."

मी पेन ठेवलं. "तुझ्या हातून नाही."

"मालकाच्या हातून झालं म्हटलं की सोपं जातं. घर का मामला है, छोड़ ना."

"खोटं पुरे झालं या घरात."

"बरं. लिही. मेरी छोटी बहन द्वारा, अति उत्साह में..."

"अति उत्साह काढ."

"तोच तर खरा भाग आहे."

काढला. तो हसत होता. पुष्कळ दिवसांनी.

मग सही. वहीच्या मागच्या पानावर सराव केला. सतरा वेळा. एकही तशी नाही. औषध घेतल्यावर एका तासाने बरी येते, असं त्याने स्वतःच शोधून काढलं. त्या हिशेबाने कार्यालयाची वेळ धरायची. पान फाडू नकोस म्हणाला.

८ फेब्रु.

प्रायमर, रंग, सगळं झालं, मान सोडून. ती उघडी ठेवली, तेलाचा हात देऊन. दुसऱ्या किकला इंजिन उठलं. दादाने आतून फक्त "हं" केलं. गेटपर्यंत ढकलत नेली आणि ढकलत परत आणली. बाहेर नाही काढली, कागद नाहीत.

११ फेब्रु., बुधवार

दादा गेटबाहेर पडला. औषध साडेदहाला, खिडकी साडेअकराला. गाडी लोडरवर, रा. तिच्याजवळ मागे उभे. आम्ही ऑटोत. वाटेत त्याने एवढंच विचारलं, "मागे फूटरेस्ट लावलीस का?" लावायची राहिली होती. फूटरेस्टची पट्टी म्हटलं होतं ते तर खोटंच. "लावते," म्हटलं.

निरीक्षक साहेब तरुण, सभ्य. मोबाइलच्या उजेडात मान बघितली, मग छाप. "चार तो हैं। तीन पक्के। बाकी?"

दादाने पूर्ण नंबर म्हणून दाखवला.

"बाबूजी, सुनाने से नहीं होता।"

बारा वाजून गेले होते. औषधाची वेळ सरत चाललेली. अर्जावर सही. दादाने टेबलावर मनगट टेकवलं. मी पुढे होऊन धरणार होते, हात मागे घेतला. मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, "अरे, अँगूठा लगवा लो, टाइम खराब हो रहा है।" मी वळून बघितलं, लॅबमध्ये बघायचे तसं. परत कुणी बोललं नाही.

सही झाली. आडनावाचा शेवट कागदाबाहेर गेला.

बाबूने जुन्या फाइलमधली काढून शेजारी ठेवली. एकदा ही बघितली, एकदा ती. मग दोन्ही घेऊन आत गेला. पंचवीस मिनिटं. बाहेर येऊन म्हणाला, साहेबांकडे राहील, चौकशी होईल, गाडीही तोवर इथेच राहील. कधीपर्यंत? "बुला लेंगे।" मिळेल ना? "मैडम, मैं क्या बताऊँ।"

दादाने विचारलं, सही कोणती बघितली साहेबांनी, जुनी की नवी. बाबूला प्रश्न समजला नाही. मला वाटतं, आजची सही त्यांनी त्याचीच मानली का, हे त्याला हवं होतं.

सुपूर्द केलं, दुपारी १.१०:

अर्ज एक. शपथपत्र एक, माझ्या नावासकट. जुनं रजिस्ट्रेशन पुस्तक, मूळ. विम्याचा कागद. नूतनीकरणाचा फॉर्म, ऑक्टोबरातल्या सहीचा. पेन्सिलचा छाप एक, दादाच्या हातचा, दुसरी प्रत नाही. मोटरसायकल एक, आवारात कडुनिंबाखाली, मान उघडी, वर आमची जुनी चादर.

चावी एक. दुसरी दादाच्या कोटाच्या खिशात आहे. त्यांनी मागितली नाही, आणि मी सांगितलं नाही.